नव्या मशीनवर जुनी विंडोज

“विंडोजचे पैसे मी मोजलेत. मग त्याच मशीनवर नवीऐवजी जुनी टाकली, तर त्यात बेकायदा काय?” सोलापुरात सात रस्त्याच्या आसपास डीटीपीच्या दुकानात बसा किंवा टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात, हा प्रश्न कधी ना कधी निघतोच. विचारणारा माणूस फुकटात काही लाटायला निघालेला नसतो. त्याच्याकडे पक्कं बिल असतं, त्यावर अठरा टक्के जीएसटी भरलेला असतो. अडचण इतकीच असते, की त्याचं रोजचं काम नव्या विंडोजवर चालत नाही.

डीटीपीवाल्याचंच घ्या. लग्नपत्रिका, बिलबुकं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल ही सगळी कामं वर्षानुवर्षं पेजमेकर आणि श्रीलिपी या जोडीवर झाली. पेजमेकरची ७.० ही शेवटची आवृत्ती २००१ सालची. श्रीलिपी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची. तिच्या जुन्या आवृत्त्यांना डोंगल लागायचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या मागे खोचायचं छोटं कुलूप. पूर्वीची डोंगलं प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टला लागत. नव्या मशीनला ते पोर्टच नसतं. यूएसबीचं डोंगल असलं तरी त्याचा ड्रायव्हर ३२-बिटच्या जमान्यातला, आणि विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्ये येते. ६४-बिट विंडोज ३२-बिटचा ड्रायव्हर घेतच नाही. सुताच्या व्यापाऱ्याचं दुखणं याच जातीचं. त्याचा हिशेब डॉसवरच्या फॉक्सप्रोत, कुणीतरी पंचवीस वर्षांपूर्वी लिहून दिलेला, आणि १६-बिटचे डॉस प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवर उघडतसुद्धा नाहीत.

मग सर्व्हिसवाला पोरगा येतो. “मालक, टेन्शन घेऊ नका. फॉरमॅट मारून सेव्हन टाकून देतो.” त्याच्या पेनड्राइव्हवर सगळ्या विंडोज असतात, क्रॅकसकट. अर्ध्या तासात काम होतं, मालक सुटकेचा निःश्वास टाकतो, आणि इतके दिवस बिलासकट सरळ व्यवहार केलेल्या माणसाच्या टेबलावर एक चोरीची प्रत येऊन बसते. वाईट याचं वाटतं, की त्याच माणसाला कायदेशीर वाट होती. ती कुठून जाते हे त्याला कुणी सांगितलं नाही. सर्व्हिसवाल्यालाही ते कुणी शिकवलेलं नसतं.

वाट समजायची तर आपण विकत काय घेतो ते आधी पाहायला हवं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने याचा दोनदा सविस्तर विचार केला, दोन्ही वेळा कराच्या भांडणातून. २००४ साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस आणि आंध्र प्रदेश सरकार यांच्या खटल्यात न्यायालयाने सांगितलं, की सीडीवर येणारं तयार सॉफ्टवेअर ही वस्तू आहे आणि तिच्यावर विक्रीकर लागतो. पुढे २ मार्च २०२१ ला इंजिनिअरिंग अ‍ॅनालिसिस या कंपनीच्या खटल्यात दुसरी बाजू स्पष्ट झाली. गिऱ्हाइकाला सॉफ्टवेअरची प्रत वापरायला मिळते, त्याचा कॉपीराइट मिळत नाही, म्हणून परदेशी कंपनीला दिलेली किंमत ही रॉयल्टी नव्हे. दोन्ही निकाल एकत्र वाचले की चित्र साफ होतं. प्रत तुमची, पण ती कशी वापरायची हे सोबतच्या परवान्यात लिहिलेलं.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम ‘साहित्यकृती’च्या व्याख्येत बसवलेला आहे, म्हणजे कादंबरीला जे संरक्षण तेच विंडोजला. त्याच कायद्याच्या ५२ व्या कलमात गिऱ्हाइकाच्या बाजूची एक तरतूद आहे. कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे, त्याला ती ज्या कामासाठी दिली त्या कामापुरती वापरताना लागणारी नक्कल करता येते, आणि खराब होण्याच्या भीतीपोटी बॅकअपही ठेवता येतो. ही सवलत जी प्रत तुमच्याकडे आहे तिच्यापुरती. विंडोज ११ घेतली म्हणून विंडोज ७ ची प्रत वापरायची मुभा या कलमातून निघत नाही. ती निघाली तर परवान्याच्या करारातूनच. ते कलम करारात खरोखर असतं. इंग्रजीत त्याला डाउनग्रेड राइट्स म्हणतात, आणि सर्व्हिसच्या धंद्यातही ‘डाउनग्रेड’ हाच शब्द चालतो.

सगळी गोम अशी, की हे कलम प्रत्येक परवान्यात नसतं. विंडोजचे परवाने साधारण तीन वाटांनी येतात. पहिली वाट ओईएम, म्हणजे कॉम्प्युटर बनवणाऱ्याने किंवा जोडून देणाऱ्याने आधीच टाकून दिलेली विंडोज. दुकानातून घेतलेल्या बहुतेक लॅपटॉपची विंडोज या प्रकारची. हा परवाना त्या मशीनशी, खरं तर त्याच्या मदरबोर्डशी बांधलेला असतो. मशीन भंगारात गेलं की परवानाही गेला. दुसरी वाट रिटेल, म्हणजे डब्यातून किंवा ऑनलाइन स्वतंत्र विकत घेतलेली. ती महाग पडते, पण एका मशीनवरून काढून दुसऱ्यावर नेता येते. तिसरी व्हॉल्यूम, म्हणजे कंपन्या, बँका आणि कॉलेजं एकगठ्ठा करार करून घेतात ती.

डाउनग्रेडचा हक्क ओईएममध्ये असतो, पण फक्त प्रो किंवा प्रोफेशनल आवृत्तीला. होम आवृत्तीला तो नाही, कधीच नव्हता. रिटेलमध्येही नाही, आणि हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं, कारण जास्त पैसे मोजलेल्या परवान्यात हक्कही जास्त असतील असं आपण धरून चालतो. नुसती होम घेऊन नंतर ऑनलाइन पैसे भरून प्रो केलं, तर तो भाग रिटेलच्या हिशेबात जातो, म्हणून त्यावर विसंबू नये. व्हॉल्यूमवाल्यांना सर्वांत मोकळीक असते, त्याच जातीची कुठलीही मागची आवृत्ती ते वापरू शकतात. मोठ्या कंपन्या वर्षानुवर्षं जुन्याच विंडोजवर निर्धास्त बसलेल्या दिसतात, त्यामागे हे एक कारण आहे. लहान दुकानदाराला मात्र दुकानात दोन-तीन हजार वाचवायला होम आवृत्तीचं मशीन सुचवलं जातं, आणि मागे फिरायचं दार तिथेच बंद होतं. मशीन कामधंद्यासाठी घेताना बिलावर ‘प्रो’ हा शब्द आहे का ते बघणं म्हणूनच गरजेचं.

आपल्या मशीनवर काय आहे हे तपासायला कुणाला बोलवायची गरज नाही. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. छोटी चौकट उघडेल. तीत इंग्रजीत एस-एल-एम-जी-आर, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि डी-एल-आय असं टाइप करून एंटर मारा. दोन-चार सेकंदांनी एक खिडकी येते. तिच्यात आवृत्तीचं नाव असतं, आणि खालच्या ओळीत परवाना ओईएमचा, रिटेलचा की व्हॉल्यूमचा ते लिहिलेलं असतं. चौकातल्या दुकानातून जोडून आणलेल्या एकट्या मशीनवर तिथे ‘व्हॉल्यूम’ दिसलं, तर समजावं की कुणीतरी क्रॅक मारून दिलंय. मालकाने ओरिजिनलचे पैसे दिलेले असतील, तर ते कुठे गेले हे विचारायची हीच वेळ. त्याच चौकटीत डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर टाइप केलं की आवृत्तीची माहिती येते आणि तिच्या तळाशी परवान्याच्या कराराची लिंक असते. निळ्या अक्षरांतली ही ओळ सहसा कुणी दाबत नाही. दाबावी. डाउनग्रेडचं कलम फार तर एका परिच्छेदाचं आहे.

त्या परिच्छेदाने वेळोवेळी काय दिलं, त्याचा इतिहास सांगण्यासारखा आहे. विंडोज व्हिस्टा जानेवारी २००७ मध्ये सर्वांसाठी आली, तेव्हा तिच्या बिझनेस आणि अल्टिमेट आवृत्त्यांबरोबर एक्सपी प्रोफेशनल वापरायची परवानगी होती. व्हिस्टा जड होती, जुन्या प्रिंटरांशी तिचं जमत नव्हतं, आणि गिऱ्हाइकं एक्सपीच मागत होती. त्यामुळे मोठ्या कंपन्यांची मशीनं कागदावर व्हिस्टाची आणि पडद्यावर एक्सपीची, अशी विकली गेली. यावरून अमेरिकेत खटलाही झाला. लॉस एंजेलिसच्या एका बाईंनी २००८ च्या जूनमध्ये लेनोवोचा लॅपटॉप घेतला होता. व्हिस्टाऐवजी एक्सपी मिळवण्यासाठी त्यांना ५९ डॉलर २५ सेंट जास्त पडले. मागे जायचे पैसे कशाचे, म्हणून २००९ च्या फेब्रुवारीत त्यांनी मायक्रोसॉफ्टविरुद्ध दावा ठोकला. या हक्काचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही, असं मायक्रोसॉफ्टचं म्हणणं होतं. आणि ते करारापुरतं बरोबरच आहे. हक्क फुकट आहे, पण जुनी सीडी देण्याची आणि ती टाकून देण्याची जबाबदारी करार कुणावरच टाकत नाही, ना मायक्रोसॉफ्टवर ना मशीन बनवणाऱ्यावर. पैसे लागतात ते त्या मेहनतीचे. सात रस्त्यावरचा पोरगा घेतो ती मजुरीही तीच.

विंडोज ७ ऑक्टोबर २००९ मध्ये आली. तिच्या प्रोफेशनल आवृत्तीने व्हिस्टा बिझनेस किंवा थेट एक्सपी प्रोफेशनलपर्यंत मागे जाऊ दिलं. विंडोज ८ प्रोने दोन पायऱ्या मागे, म्हणजे ७ आणि व्हिस्टापर्यंत. एक्सपी तिथे सुटली. विंडोज १० प्रोबरोबर ८.१ प्रो किंवा ७ प्रोफेशनल वापरता येत होती, पण त्या कलमात एक अट जोडलेली आहे: त्या जुन्या आवृत्तीला मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट चालू असेपर्यंतच. ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, ८.१ चा १० जानेवारी २०२३ ला. विंडोज ११ प्रोवरून १० प्रोवर येता येतं, पण १० चाही नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला. त्यानंतर पैसे भरून किंवा नोंदणी करून मिळणारी वाढीव सुरक्षा-अपडेट तेवढी उरली. म्हणून ११ वरून १० वर यायचं ठरवताना आपल्या करारातली सपोर्टची अट स्वतः वाचावी आणि वाढीव अपडेट घ्यावी. ही नोंदणी घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे.

याचा अर्थ सरळ आहे. आज नवीन घेतलेल्या विंडोज ११ च्या मशीनवर सेव्हन टाकायची परवानगी होममध्ये नाही आणि प्रोमध्येही नाही. बिल कितीही पक्कं असलं तरी नाही. सुरुवातीच्या प्रश्नाचं हे उत्तर बऱ्याच जणांना आवडत नाही, पण पोरग्याच्या पेनड्राइव्हने ते बदलत नाही.

जिथे हक्क आहे तिथे नियम मात्र सोपे आहेत. एका परवान्यावर एका वेळी एकच विंडोज. नवी आणि जुनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून आलटून पालटून चालवायची नाही. नव्या विंडोजच्या आत आभासी मशीन करून त्यात जुनी चालवायची असेल, तर तिला वेगळा परवाना लागतो. नव्या विंडोजवर परत यायला मात्र केव्हाही मोकळीक. परवाना नव्या आवृत्तीचाच राहतो, वापर तेवढा जुनीचा होतो. जुन्या आवृत्तीची वेगळी की विकत घ्यावी लागत नाही. ऑफिसात आधीपासून असलेली त्याच आवृत्तीची ओरिजिनल सीडी आणि तिची की चालते, ती की दुसऱ्या मशीनवर वापरलेली असली तरी.

अर्थात अशी की ऑनलाइन अ‍ॅक्टिवेट होत नाही, कारण सर्व्हरला ती आधीच वापरलेली दिसते. मग फोनची वाट. विंडोज ७ च्या दिवसांत हा प्रकार ज्यांनी केलाय त्यांच्या तो लक्षात असेल. पडद्यावर सहा-सहा आकड्यांचे नऊ गट यायचे, एकूण चोपन्न आकडे. टोल फ्री नंबर लावायचा, यंत्राच्या आवाजाला ते आकडे एकेक करून द्यायचे. यंत्र नाही म्हणालं की माणूस फोनवर यायचा. त्याला सांगायचं, की मशीन अमुक प्रोफेशनल परवान्याचं आहे आणि डाउनग्रेड करतोय. किती मशीनवर टाकलंय असं तो विचारायचा. एकावर, असं सांगितलं की तो सहा-सहा आकड्यांचे आठ गट वाचून दाखवायचा, आणि ते ए पासून एच पर्यंतच्या आठ चौकटींत भरायचे. एखादा सात आणि आठ यांत घोटाळा झाला की पुन्हा पहिल्यापासून. वीस मिनिटं जायची. पण शेवटी पडद्यावर जे ‘जेन्युइन’ उमटायचं ते खरं असायचं, आणि क्रॅकची भीती कायमची जायची. ११ प्रोवरून १० प्रोवर येताना एवढं करावं लागत नाही. दोन्हींच्या की एकमेकींना चालतात, आणि नव्या मशीनमध्ये ती बायोसमध्येच कोरलेली असते, त्यामुळे १० सहसा आपोआप अ‍ॅक्टिवेट होते.

आणखी एका गोष्टीची इथे गल्लत होते. जुन्या मशीनवर १० ची ११ केली आणि आवडली नाही, तर सेटिंगमधून मागे जाता येतं. ती सोय दहा दिवसांची असते. तिचा डाउनग्रेड हक्काशी संबंध नाही. तुमच्याकडे १० चा परवाना आधीच होता, तुम्ही फक्त घरी परत आलात, आणि त्यासाठी प्रो असायची गरज नाही. असंच २०१५-१६ च्या मोफत अपग्रेडचं. ७ ची १० फुकटात झाली, तेव्हा परवाने दोन झाले नाहीत. त्याच मशीनवर पुन्हा ७ वर जाता येतं, पण स्टिकरवरची सुटलेली की दुसऱ्या मशीनला लावता येत नाही.

परवान्याने हो म्हटलं तरी यंत्र हो म्हणेलच असं नाही. २०१५-१६ नंतरच्या इंटेलच्या बऱ्याच मशीनवर विंडोज ७ ची मूळ डीव्हीडी लावली की सेटअपचा पहिला पडदा नीट येतो, भाषा निवडा म्हणतो, आणि तिथे माउस हलत नाही, कीबोर्डचं एकही बटण लागत नाही. मशीन बिघडलेलं नसतं. नव्या चिपसेटमधून यूएसबीची जुनी पद्धत काढलेली असते आणि २००९ च्या त्या डीव्हीडीत यूएसबी ३ चा ड्रायव्हर नाही. तो आधी डीव्हीडीत घुसवावा लागतो. त्याआधी एक्सपीच्या वेळी असंच व्हायचं. सेटअप सुरू झालं की निळा पडदा, कारण साटा हार्ड डिस्क ओळखायचा ड्रायव्हर एक्सपीकडे नव्हता. एफ-६ दाबून फ्लॉपीवरून तो द्यायचा, आणि फ्लॉपी ड्राइव्ह तर तोवर मशीनमधून गेलेला. पुढे मायक्रोसॉफ्टने २०१६ च्या जानेवारीत जाहीर केलं, की येणारे नवे प्रोसेसर फक्त विंडोज १० वरच सपोर्ट होतील, आणि त्या वर्षीच्या ३१ ऑक्टोबरला विंडोज ७ प्रोफेशनल टाकलेली नवी मशीनं विकणंही बंद झालं.

मग श्रीलिपीवाल्याने करायचं काय? मला सगळ्यात व्यवहारी वाटतं ते हे: नवं मशीन मागे ओढू नये, जुन्या कामासाठी जुनंच मशीन घ्यावं. विंडोज ७ चा सपोर्ट संपला म्हणून ज्या मशीनबरोबर ती विकली गेली त्याचा परवाना संपत नाही. सपोर्टची अट आहे ती नव्या परवान्यावरून मागे जाणाऱ्याला. मशीनची स्वतःची विंडोज त्या मशीनवर कायम वापरता येते. आणि जुन्या ७ प्रोफेशनलच्या करारात मागे जाण्याला अशी मुदत नाही, म्हणून त्यावर एक्सपी प्रोफेशनलही बसते. शिवाय कपाटात कधीकाळी स्वतंत्र घेतलेल्या विंडोज ७ चा रिटेल डबा असेल, तर तो जपून ठेवावा. जुन्या मशीनवरून काढून तो दुसऱ्यावर हक्काने नेता येतो.

सोलापूर या बाबतीत सोयीच्या जागी आहे. पुणे-हैदराबाद महामार्ग आपल्या दारातून जातो, आणि दोन्ही टोकांना आयटी कंपन्या. तिथून उतरवलेले लॅटिट्यूड, एलिटबुक, थिंकपॅड सेकंड हँडच्या दुकानांत येतात. ही कंपन्यांसाठी बनलेली मॉडेलं असल्याने त्यांवर बहुधा प्रोफेशनलचाच परवाना असतो. घेताना मशीन उलटं करून बघा. विंडोज ७ च्या काळातल्या लॅपटॉपवर तळाला किंवा बॅटरीच्या खाचेत पंचवीस अक्षरांची की असलेलं स्टिकर असतं. बॅटरीखालचं सहसा शाबूत असतं, तळाचं घासून पुसट झालेलं असतं. विंडोज ८ पासून की बायोसमध्ये गेली, स्टिकरवर फक्त नाव उरलं. स्टिकरावर ‘होम’ आहे की ‘प्रो’ तेही वाचा. कंपनीने त्यावर एंटरप्राइझ आवृत्ती टाकलेली असेल, तर ती तुम्हाला मिळत नाही. तो कंपनीचा व्हॉल्यूम परवाना कंपनीकडेच राहतो, तुमच्याकडे येतो तो मशीनचा मूळ ओईएम परवाना. आणि स्टिकर सुटं विकत मिळतंय म्हणून घेऊ नका. मशीनपासून वेगळं केलेलं ओईएमचं स्टिकर हा परवाना नव्हे.

कायदेशीर झालं म्हणजे सुरक्षित झालं असंही नाही. सपोर्ट संपलेल्या विंडोजला भोकं बुजवणारी अपडेट येत नाहीत. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय आणि जूनमध्ये नॉटपेट्या या हल्ल्यांनी विंडोजमधल्या एकाच जुन्या त्रुटीचा फायदा घेतला. तिची दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती, पण असंख्य मशीनवर ती टाकलेली नव्हती. नॉटपेट्याच्या तडाख्यात आपल्या न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम अडकलं. बँकांच्या एटीएममध्येही एक्सपी रेंगाळत राहिली. तिचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला होता, तरी रिझर्व्ह बँकेला २१ जून २०१८ ला परिपत्रक काढून जून २०१९ पर्यंतचं टप्प्याटप्प्याचं वेळापत्रक लावून द्यावं लागलं.

दुकानापुरता हिशेब असा: जुन्या विंडोजचं मशीन इंटरनेटला जोडायचं नाही. जीएसटीचं रिटर्न, बँकेचे व्यवहार, ईमेल हे नव्या मशीनवर. तसंही जुन्यावर ते नीट होत नाही, कारण विंडोज ७ आणि ८.१ साठी क्रोम १०९ व्या आवृत्तीवर थांबला. फाइल इकडून तिकडे न्यायला एकच ठरलेला पेनड्राइव्ह ठेवावा आणि तो आधी नव्या मशीनवर अँटिव्हायरसने तपासावा.

क्रॅक वापरण्याची जोखीम किती, तेही सांगायला हवं, कारण ‘एवढ्याशा दुकानात कोण बघतंय’ हे वाक्य फार ऐकू येतं. कॉपीराइट कायद्याच्या ६३-ब कलमानुसार पायरेटेड प्रत माहीत असून वापरली, तर किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाखांपर्यंत दंड आहे. धंद्यासाठी किंवा कमाईसाठी वापर नसेल, तर कोर्टाला कैद न देता पन्नास हजारांपर्यंतच्या दंडावर सोडता येतं. दुकानातलं मशीन धंद्यासाठीच असतं, म्हणजे ही सवलत दुकानदाराला मिळणं कठीण. शिवाय क्रॅकमध्ये काय काय भरलेलं असतं हे टाकणाऱ्या पोरग्यालाही माहीत नसतं, आणि त्याच मशीनवर गिऱ्हाइकांची आधार कार्डं स्कॅन होत असतात.

सगळ्याच कंपन्या मागे जायची वाट ठेवतात असंही नाही. अ‍ॅडोबीने २०१९ च्या मे महिन्यात क्रिएटिव्ह क्लाउडच्या वर्गणीदारांना कळवलं, की जुन्या काही आवृत्त्या वापरण्याचा परवाना तुम्हाला आता राहिलेला नाही. वर्गणी चालू, पैसे वेळेवर, आणि तरीही कालपर्यंत चालणारी आवृत्ती परवान्याबाहेर. मला हे अन्यायाचं वाटतं. ज्या प्रेसने त्या आवृत्तीवर आपली कामाची घडी बसवली, तिच्या मेहनतीला त्या करारात काहीच जागा नाही. त्या मानाने विंडोजच्या डाउनग्रेडचं कलम गिऱ्हाइकाला बरंच झुकतं माप देतं, मुदतीची अट धरूनसुद्धा.

सुताच्या व्यापाऱ्याला मात्र जुन्या विंडोजची गरजच नाही. डॉसबॉक्स नावाचा मोफत आणि मुक्त परवान्याचा प्रोग्रॅम विंडोज ११ च्या आतच डॉस उभं करतो, आणि फॉक्सप्रोतले हिशेब त्यात उघडता येतात. साध्या डॉसबॉक्समध्ये छपाईची सोय नाही, पण डॉसबॉक्स-एक्स या त्याच्या भावंडातून ती होते, आणि डॉट मॅट्रिक्सवर बिल निघतं. पहिल्यांदा बसवताना एखाद्या जाणत्याचे दोन तास जातात. ज्याला अजून विंडोज १० च मशीनवर ठेवायची आहे, त्याला तिची ३२-बिट आवृत्तीही चालेल. विंडोज १० च्या परवान्यात ३२ आणि ६४ असा भेद नाही, आणि ३२-बिटवर डॉसचे प्रोग्रॅम थेट चालतात.

श्रीलिपीच्या जुन्या फाइलींचं काम याहून किचकट आहे, पण ते एकदा करून टाकण्यासारखं आहे. त्यांतला मजकूर युनिकोडात नाही, म्हणून तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि खुणांची रांग दिसते. श्रीलिपीतून युनिकोडात बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत. जुनं मशीन हाताशी आहे तोवर रोज थोडा थोडा मजकूर त्यातून काढावा. आधी पतसंस्थांचे अहवाल आणि नियमावल्या, कारण त्या दर वर्षी लागतात. पत्रिकांचे मायने नंतर. बदललेला मजकूर मूळ प्रिंटशी ताडून बघायला हवा. कन्व्हर्टर बहुतेक वेळा चुकतात ते रफारात, ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ मध्ये, आणि ‘द्ध’, ‘द्व’ अशा जोडाक्षरांत. गावांची आणि माणसांची नावं याच अक्षरांनी भरलेली असतात, म्हणून नावांची यादी वेगळी काढून दोघांनी मोठ्याने वाचावी. मूळ पेजमेकरच्या फाइली मात्र पुसू नयेत. त्यांची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी, आणि त्याच डिस्कवर मशीनच्या बिलाचा आणि स्टिकरचा फोटो.